रोझमेरी आठ महिने लावली, प्यायली, खाल्ली... केसांचं काय झालं ते सांगतो

एप्रिलअखेर सुरू केलं, आता डिसेंबर संपत आलाय, त्यामुळे बोलायला हरकत नाही. मी मेलबर्नला राहतो. आपल्याकडे कुंपणाला मेंदी असते तशी इथे घराघरापुढे रोझमेरी असते आणि कोणी तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही, मीपण चार वर्षं नव्हतं बघितलं. २५ एप्रिलला ॲन्झॅक डेच्या, म्हणजे इथल्या सैनिक स्मृतिदिनाच्या, पहाटेच्या कार्यक्रमाला गेलो तर निम्म्या लोकांच्या कोटाला रोझमेरीची काडी. १९१५ ला तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे जे सैनिक उतरले त्यांची आठवण म्हणून लावतात, तिथल्या डोंगरावर ती रानटी उगवते म्हणे. मलाही एकाने काडी दिली. घरी येऊन चुरगाळली तर कापूर आणि निलगिरी एकत्र केल्यासारखा वास, आणि ते खरंच आहे, कापूर तर तिच्यात असतोच, शिवाय निलगिरीच्या तेलातलं सिनिओलही असतं.

आता मुद्द्याचं. वय ३६, कपाळ दरवर्षी थोडं वर सरकतंय, बाबांचं टक्कल डोळ्यासमोर आहेच. रीलवाले सगळे एकच सांगतात, रोझमेरी मिनॉक्सिडिलइतकीच (टकलावर लावायचं केसवाढीचं औषध) भारी, रिसर्च आहे. मी शोधून वाचला तो रिसर्च. २०१५ चा, इराणमधला, १०० पुरुष, निम्म्यांना रोझमेरी आणि निम्म्यांना मिनॉक्सिडिल. तीन महिन्यांनी कोणालाच फरक नाही, सहा महिन्यांनी दोन्हीकडे केस थोडे वाढले, डोकं खाजायची तक्रार मिनॉक्सिडिलवाल्यांची जास्त. पण रीलमधे एक गोष्ट कोणी सांगत नाही की ते मिनॉक्सिडिल २ टक्क्यांचं होतं, पुरुष सहसा ५ टक्क्यांचं लावतात, आणि काहीच औषध नाही असा तिसरा गट नव्हताच. म्हणजे आशा ठेवावी पण बेताची. म्हटलं फुकट झुडूप दारात आहे, सहा महिने नेटाने करून बघू.

पहिला महिना नुसता गाढवपणा. ओल्या काड्या खोबरेल तेलात उकळल्या, बाटली भरली, दहा दिवसांत कुबट वास आणि तळाशी बुरशी. पाला पूर्ण वाळलेला पाहिजे, पाण्याचा अंश राहिला की तेल गेलंच. शिवाय इथल्या थंडीत खोबरेल दगडासारखं गोठतं, मग बदामाचं तेल घेतलं. त्यात घाई सुचली, दुकानातून इसेन्शिअल ऑइल आणलं आणि शहाणपणा करून तसंच चोळलं. रात्रभर टाळू पेटलेली, दुसऱ्या दिवशी लालभडक! इथे लोकांचा फार गोंधळ होतो म्हणून सांगतो, पाला मुरवलेलं घरचं तेल वेगळं आणि ही दहा मिलीची छोटी बाटली वेगळी, ती पाल्याचा अर्क असते, प्रचंड तीव्र. ३० मिली साध्या तेलात १२ थेंब, बस, आणि आधी हातावर लावून एक दिवस थांबा. प्यायचं तर अजिबात नाही. फिट्स येणाऱ्यांनी लांबच राहावं, गरोदरपणातही नको, म्हणून सांगलीला वहिनीने मागितलं तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. रोझमेरीचं उकळलेलं पाणी स्प्रेमधे भरतात तेपण केलं, फ्रिजबाहेर दोन दिवसांत खराब होतं, कंटाळून सोडलं.

मग जूनपासून आठवड्याला तीनदा तेल, आणि दर एक तारखेला बाथरूमच्या त्याच दिव्याखाली फोटो. निकाल असा की कपाळाच्या कोपऱ्यात एक केस आला असेल तर शपथ. खाज आणि कोंडा मात्र स्पष्ट कमी झाला, जाळीत अडकणारे केसही कमी वाटतात. सातव्या महिन्यात भोवऱ्याजवळ जरा दाट दिसलं तर बायको म्हणते फोन वाकडा धरलास. त्यात मधेच शाम्पूपण बदलला होता मी, त्यामुळे श्रेय नक्की कोणाला देऊ?

खरा फायदा भलतीकडेच झाला. शेजारी एक ग्रीक आजी आहेत, त्यांनी मला काड्या तोडताना पाहिलं आणि डोक्याला काय लावतोस, पोटात घे म्हणाल्या. त्यांच्या भाषेत हिचं नाव देंद्रोलिवानो, म्हणजे झाडाचा धूप, लोबान म्हणा हवं तर. जुन्या काळी तिकडचे विद्यार्थी आठवण पक्की राहावी म्हणून केसांत खोचायचे म्हणे. (माझी किल्ली अजून रोज हरवते.) चहा असा, बोटभर काडी, कपभर उकळतं पाणी, झाकून दहा मिनिटं. जास्त ठेवलं की कडू जहर. रात्री जड जेवण झालं की हा घेतो, ढेकर येऊन पोट हलकं होतं, आपल्या ओव्याच्या पाण्यासारखंच. युरोपच्या औषध संस्थेनेही पाल्याला अपचनासाठी आणि अंघोळीच्या पाण्यात टाकून स्नायूदुखीसाठी परंपरागत वापर म्हणून मान्यता दिलीये, म्हणजे पुरावा चाचण्यांचा नाही, लोक पिढ्यानपिढ्या वापरतात त्याचा. फुटबॉल खेळून आल्यावर मी टबमधे मूठभर टाकतो, बरं वाटतं, आता ते पाल्याने की गरम पाण्याने, देव जाणे.

खाण्यात म्हणाल तर लसूण घालून भाजलेले बटाटे, फर्स्ट क्लास. वरणात घातली होती एकदा, अख्खं वरण औषधासारखं लागलं, पोराने ताट सरकवलं. आईला फोनवर सांगितलं की ही तुळशीच्याच कुळातली, पुदिनाही त्यातलाच, तर म्हणाली मग तुळस काय वाईट होती, आणि केसांना माका लाव.

तेलाची बाटली आठवडाभरात संपेल, नवीन आणणार नाही. पुढच्या रविवारी झुडूप छाटायचंय, त्यातला अर्धा पाला चहाला वाळवतो आणि अर्धा आजींना देतो, त्यांच्या दारचं झुडूप यंदा अर्धं वाळलंय.