अडलेली केस कुणापुढे ठेवायची: ग्रुप, ई-संजीवनी की इको?

पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, नव्याने रुजू झालेल्या एमओला (वैद्यकीय अधिकाऱ्याला) औषधांच्या टंचाईआधी जाणवते ती विचारायला माणूस नसल्याची टंचाई. त्यावर आज तीन ऑनलाइन वाटा आहेत आणि तिन्हींची कामं वेगळी आहेत.

व्हॉट्सॲप ग्रुप आपण सगळेच वापरतो. रात्री दोनला ईसीजीचा फोटो टाकावा आणि पाच मिनिटांत ‘थांबू नकोस, हलव’ असं उत्तर यावं, या वेगाला तोड नाही. पण दुपारची केस वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जाते, तिघे तीन डोस सांगतात, आणि पेशंटचं पुढे काय झालं हे आठवड्यानंतर कुणी विचारत नाही. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरचा असा सल्ला घेऊ शकतो, मात्र उपचारांची जबाबदारी विचारणाऱ्याचीच राहते. किमान केसपेपरवरचं नाव झाकून फोटो काढा!

ई-संजीवनी मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने बनवलेली सरकारी सेवा. आरोग्य केंद्रांसाठी ती नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. घरून सल्ला घेण्याची सोय एप्रिल २०२० मध्ये आली. उपकेंद्रातला सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) पेशंटला समोर बसवून डॉक्टरशी जोडतो आणि चिठ्ठीची नोंद राहते. नेट मात्र हवं, आणि पलीकडे तज्ज्ञही बसलेला हवा. शिवाय उत्तर त्या एका पेशंटपुरतं असतं.

इको म्हणजे हृदयाची तपासणी नव्हे, तर ‘प्रोजेक्ट इको’ ही डॉक्टरांना केसेसमधून शिकवण्याची पद्धत. तिचा हिशेब उलटा. न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या डॉ. संजीव अरोरा यांनी हेपटायटिस सीसाठी २००३ मध्ये ही पद्धत सुरू केली. तज्ज्ञ आणि गावोगावचे डॉक्टर ठरलेल्या वेळी व्हिडिओवर बसतात. थोडं शिकवणं होतं, मग नाव न घेता आपापल्या केसेस मांडायच्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के, तर गावातल्या दवाखान्यांत आणि तुरुंगांत मिळून ५८.२ टक्के रुग्णांचा विषाणू गेला. म्हणजे तज्ज्ञाकडे न जाताही तेवढाच गुण आला. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने व्यसनाधीनतेवरच्या उपचारांसाठी हीच पद्धत वापरली आहे.

सर्पदंश आला तर यातलं काहीच उघडत बसू नका; एएसव्ही (सर्पविषावरचं औषध) आणि फोन. समोरच्या पेशंटला आजच तज्ज्ञाचं मत हवं असेल तर ई-संजीवनी. आणि दर महिन्याला तोच प्रश्न पुन्हा अडवत असेल, म्हणजे दारू सोडवणं, किडनी बिघडत चाललेला मधुमेही, तर इको. मी स्वतः इकोला झुकतं माप देतो, कारण दहाव्या केसला विचारावं लागत नाही. ग्रुप सोडू नका, फक्त त्यावरचा सल्ला कुणी, कधी दिला ते केसपेपरवर लिहा.

इकोला नाव नोंदवण्याआधी एक विचारून घ्या: सत्र ओपीडीच्या वेळेत असेल तर तो तास ड्युटीत धरणार का? नाहीतर कॅमेरा बंद ठेवून पेशंट तपासत बसाल. मीही तेच केलंय.