रोबॉट अरीना २ : आठ महिन्यांच्या वापरानंतर

बीबीसी टूवर १९९८ मध्ये सुरू झालेलं ‘रोबॉट वॉर्स’ आणि अमेरिकेत २००० मध्ये आलेलं ‘बॅटलबॉट्स’ या रोबोंच्या झुंजींच्या दोन्ही टीव्ही कार्यक्रमांच्या नावाने अधिकृत गेम निघाले. पण त्या कार्यक्रमांचा खरा गाभा, म्हणजे यंत्र बांधण्याची अक्कल, सगळ्यात नीट पकडली ती २००३ च्या ‘रोबॉट अरीना २’ या संगणकावरच्या गेमने. याला टीव्हीचं नाव नाही, तरी रोबोंच्या झुंजी आवडणाऱ्याने घ्यावा तो हाच.

लढाई तीन मिनिटांची असते, पण तिचा निकाल बहुतेक वेळा रोबो बांधायच्या गेममधल्या कार्यशाळेतच लागलेला असतो. आधी चौकोनी जाळीवर बिंदू जोडून सांगाड्याचा तळ आखायचा, मग उंची ठरवायची. वजनाचे गट तीन: २५० किलो, ४०० किलो आणि ८०० किलो. सांगाडा एकदा पक्का केला की बदलता येत नाही, म्हणून कंट्रोल बोर्ड (रोबोला आज्ञा पोचवणारी पाटी), बॅटऱ्या आणि मोटरी आत कशा बसणार हे आखतानाच ठरवून ठेवा. नवखा माणूस हमखास मोठा सांगाडा घेतो. पत्रा जास्त म्हणजे वजन जास्त, आणि मग हत्याराला वजन उरत नाही. सांगाडा सामान जेमतेम मावेल एवढाच घ्या आणि उंची चाकाच्या व्यासापेक्षा कमी ठेवा. चाकं वरखाली दोन्हीकडे बाहेर राहिली, तर रोबो उताणा पडला तरी चालत राहतो. हा एवढा एक नियम पाळला तरी निम्मे पराभव टळतात.

वायरिंगमध्ये सगळ्यांना एकच अडचण येते: ‘पुढे’ दाबलं की रोबो जागच्या जागी गरगर फिरतो. दोन्ही बाजूंच्या मोटरी एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या बसलेल्या असतात, त्यामुळे एका बाजूची दिशा उलटी जोडावी लागते. पुढे-मागे आणि डावी-उजवी हे दोन्ही नियंत्रण प्रत्येक चाकाच्या मोटरला स्वतंत्र द्यायचं, आणि दर जोडणीनंतर चाचणीच्या मैदानात रोबो फिरवून पाहायचा. सगळं जोडून झाल्यावर चूक शोधत बसणं फार जिकिरीचं आहे.

आडवी फिरणारी पात्याची दांडी लावली की सांगाडा उलट दिशेने वळू लागतो. मोटर दांडीला एका बाजूला ढकलते तेव्हा तेवढाच रेटा सांगाड्यावर उलट बसतो. यावर उपाय म्हणजे चाकं मध्यापासून जमेल तितकी लांब लावणं. उभी चकती लावली तर वळताना एका बाजूची चाकं उचलली जातात. तिथे वळण्याचा वेग कमी ठेवा. बॅटरीच्या बाबतीत दोन गोष्टी तपासा: एकूण साठा आणि एका वेळी किती वीज देता येते. साठा भरपूर असूनही दुसरा आकडा कमी पडला, तर हत्यार सुरू होताच चाकं मंदावतात. मुंबईत आयआयटीच्या टेकफेस्ट या महोत्सवातल्या रोबोवॉर्स स्पर्धेसाठी यंत्र बांधणाऱ्या मुलांनाही हे सगळे प्रश्न आधी इथे फुकटात पडलेले बरे.

संगणकाकडून आपला रोबो चालवून घेणं हा माझ्या मते या गेमचा सगळ्यात मोठा आनंद. ‘बाइंडिंग्ज’ नावाच्या, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या फाइलमध्ये रोबोच्या नावाची एक ओळ लिहायची आणि त्याला ऑम्नी (सर्वसाधारण), पुशर (ढकलणारा), चॉपर (वरून घाव घालणारा), फ्लिपर (उलटवणारा) यांपैकी एक डावपेच द्यायचा. त्याच ओळीत वेग, वळण आणि हत्यारांचे क्रमांक येतात. हे क्रमांक भाग जोडण्याच्या क्रमावरून ठरतात. त्यामुळे मधला एक भाग काढून पुन्हा लावला की क्रम सरकतो, आणि रोबो चाकालाच हत्यार समजतो. ओळ लिहायची ती शेवटी, बांधणी संपल्यावरच. हातोडा किंवा उचलणारा पंजा असेल तर त्याच्या पुढ्यात ‘स्मार्ट झोन’, म्हणजे शत्रू आत आला की ओळखणारा टापू, लावा. तो नसला तर शत्रू समोर आला हे रोबोला कळत नाही आणि हत्यार गप्प बसतं. एक कंस राहिला तरी फाइल बिघडते, म्हणून जुनी प्रत नेहमी बाजूला ठेवा.

उणिवाही आहेत. दोन रोबोंचे भाग एकमेकांत घुसले की गेमचा हिशेब कोलमडतो आणि एखादा रोबो गोळीसारखा छताकडे उडतो. लांब दांड्यांवर दाटीने काटे लावले तर हे जास्त होतं, म्हणून भागांमध्ये थोडी फट ठेवा. लावलेला भाग सरकवता येत नाही, काढूनच पुन्हा लावावा लागतो. ध्वनी आणि चित्रं सन २००३ चीच वाटतात, पण त्याने मजा कमी होत नाही.

आताच्या विंडोजवर गेम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये बसवू नका. तिथे लिहिण्याची परवानगी नसल्यामुळे रोबोंच्या फाइली भलत्याच लपलेल्या फोल्डरमध्ये जातात. थेट सी ड्राइव्हवर वेगळा फोल्डर करा आणि प्रत्येक नव्या रोबोची .बॉट फाइल त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या.