इनडिझाइनचं फ्रॅक्शन बटण, चाळीस पानी कॅटलॉग करून झाल्यावर

हातात अवजारांचा कॅटलॉग होता, स्पॅनर, सॉकेट, ड्रिल बिट वगैरे, आणि तो इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचा होता. चाळीस पानं आणि जवळपास प्रत्येक ओळीत इंचातलं माप. ५/१६, ७/१६, १३/३२, १७/६४ असली मापं (कॅटलॉगात आकडे इंग्रजी होते, इथे मराठीत लिहितेय). एरवी डिझाइनमध्ये फ्रॅक्शन म्हणजे अर्धा, पाव, पाऊण, ग्लिफ पॅनेलमधून (फॉन्टमधली सगळी चिन्हं दाखवणारी खिडकी) उचलायचं, चिकटवायचं आणि पुढे जायचं. पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, असे तयार अपूर्णांक मोजकेच आहेत. अर्धा, पाव-पाऊण, तृतीयांश, पंचमांश, षष्ठांश, अष्टमांश, आणि २००९ च्या ५.२ आवृत्तीत एक सप्तमांश, एक नवमांश, एक दशांश. त्या यादीत सोळांश नाही, बत्तिसांश नाही, चौसष्टांशाचं तर नावच नको. म्हणजे माझ्या कामाची निम्मी मापं आपली आपणच बनवायची होती.

तर रिव्ह्यू इनडिझाइनच्या ओपनटाइप मेनूमधल्या (फॉन्टमध्येच भरलेल्या सोयी चालू करायचा मेनू) फ्रॅक्शन्स या एका ऑप्शनचा. पाचपैकी साडेतीन स्टार. दीड का कापला ते सांगते, त्यातला अर्धा खरं तर फॉन्टवाल्यांचा आहे.

कारण हे बटण स्वतः काहीच बनवत नाही. ते फॉन्टला फक्त विचारतं की बाबा तुझ्याकडे अपूर्णांकाची सोय आहे का, असेल तर दाखव. फॉन्टमध्ये अंशासाठी वर बसणारे छोटे आकडे, छेदासाठी खाली बसणारे छोटे आकडे आणि खास तिरपी रेघ असेल तर ५/१६ लिहून बटण दाबलं की झकास अपूर्णांक तयार. नसेल तर मेनूत फ्रॅक्शन्स हे नाव चौकोनी कंसात दिसतं, म्हणजे समजायचं की या फॉन्टकडून अपेक्षा ठेवू नका. एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं, पण काही जुन्या फॉन्टमध्ये फक्त अर्धा, पाव, पाऊण एवढ्याच तीन जोड्या भरलेल्या असतात आणि तरीही मेनूत कंस दिसत नाही, सगळं आलबेल वाटतं, १/२ टाकलं की बदलतं, आपण खूश, आणि ३/१६ टाकलं की ढिम्म. कुठल्या जोड्या चालतील आणि कुठल्या नाही हे मेनू सांगत नाही, तिथेच माझा अर्धा स्टार गेला. आता मी फॉन्ट ठरवायच्या आधीच १/२, ३/१६, १७/६४, ११/१२८ अशी एक ओळ टाइप करून बटण दाबून बघते. दहा सेकंदांचं काम आहे. मी ते पहिल्या वेळी केलं नाही आणि बारा पानं लावून झाल्यावर फॉन्ट बदलला, तो मूर्खपणा माझाच.

मग लोक म्हणतात हाताने कर ना, वरचा आकडा सुपरस्क्रिप्ट, खालचा सबस्क्रिप्ट, झालं. करून बघा. इनडिझाइनमध्ये सुपरस्क्रिप्टची डिफॉल्ट साइज ५८.३ टक्के असते, म्हणजे तुमचा आकडा नुसता आकसतो आणि त्याच्या रेघाही त्याच हिशेबाने बारीक होतात, त्यामुळे बाजूच्या मजकुरापुढे अपूर्णांक फिका, उपाशी दिसतो. फॉन्टमधले खरे अंश-छेदाचे आकडे छोट्या मापासाठी वेगळे काढलेले असतात, रेघ जाड ठेवून. हातानेच करायचं असेल तर छोट्या आकड्यांना मीडियम किंवा सेमीबोल्ड वजन द्या, छेद बेसलाइनवरच, म्हणजे अक्षरं ज्या रेषेवर उभी असतात तिच्यावरच, बसवा (सबस्क्रिप्ट केला की तो खाली लोंबतो), आणि मधे कीबोर्डवरचा साधा स्लॅश न ठेवता फ्रॅक्शन स्लॅश घ्या, युनिकोड २०४४. मॅकवर ऑप्शन-शिफ्ट-१. या रेघेच्या दोन्ही बाजूंना आकडे जवळ सरकतील अशी जागा सहसा आधीच दिलेली असते, साध्या स्लॅशला ती नसते म्हणून मग कर्निंग, म्हणजे अक्षरांमधली जागा हाताने कमी-जास्त, करत बसावं लागतं.

आता खरी मजा. चाळीस पानांत एकेक माप सिलेक्ट करून बटण कोण दाबणार, म्हणून मी पूर्ण पॅराग्राफ स्टाइललाच, म्हणजे परिच्छेदाच्या साठवलेल्या सेटिंगलाच, फ्रॅक्शन चालू करून टाकलं. काही फॉन्ट एवढे हुशार असतात की आकडा-स्लॅश-आकडा दिसला तरच हात लावतात. माझा नव्हता, त्याने सगळेच आकडे वर टांगले, पेज नंबरपासून मॉडेल नंबरपर्यंत. ते काढलं आणि ग्रेप स्टाइल लावली, जी पॅराग्राफ स्टाइलच्या आत बसते आणि ठरवलेला पॅटर्न दिसेल तिथे आपोआप कॅरेक्टर स्टाइल (तेवढ्याच अक्षरांपुरती सेटिंग) लावते. पहिला पॅटर्न भोळा होता, आकडे, स्लॅश, आकडे. मापं सगळी सुंदर झाली, आणि सोबत छपाईची तारीख पण झाली, आणि मागच्या कव्हरवरची २४/७ हेल्पलाइन पण झाली, चोवीस सप्तमांश हेल्पलाइन. प्रूफमध्ये दिसलं म्हणून वाचले.

त्यावर उपाय साधा निघाला. या कॅटलॉगातल्या इंचाच्या मापात छेद २, ४, ८, १६, ३२, ६४ सोडून दुसरा येतच नाही. मग पॅटर्नमध्ये छेदाच्या जागी हे सहाच आकडे घातले, आणि अट टाकली की पुढेमागे आणखी आकडा किंवा स्लॅश नको, म्हणजे ५/८/२०२४ सारखी तारीख पण सुटली. इथे इनडिझाइनला पूर्ण मार्क, ग्रेप स्टाइलमुळेच हे काम दोन दिवसांत झालं. नवीन मजकूर पेस्ट करा, माप आपोआप सजून येतं.

पेस्टवरून आठवलं, क्लायंटच्या फाइलमध्ये वर्ड प्रोसेसरच्या ऑटोकरेक्टने अर्धा, पाव, पाऊण आधीच एकाक्षरी करून ठेवलेले असतात आणि बाकीची मापं स्लॅशवाली. ते तसंच राहिलं की एकाच टेबलात दोन चालींचे अपूर्णांक दिसतात, कारण बऱ्याच फॉन्टमध्ये तयार अर्ध्याचं चित्र आणि बटणाने जोडलेला ७/१६ एका मापाचे नसतात. आधी फाइंड-चेंजने ते फोडून साध्या १/२ मध्ये आणा, मग ग्रेप स्टाइलला करू दे.

दुसरा कापलेला स्टार पूर्णांकयुक्त अपूर्णांकाचा. एक पूर्णांक तीन अष्टमांश लिहिताना मधे स्पेस दिली की डोळ्याला खड्डा दिसतो, आणि स्पेस काढली की ते तेरा अष्टमांश होतं, म्हणजे माप सरळ पाव इंचाने चुकलं! बटण यात काही मदत करत नाही, त्याला बिचाऱ्याला कळणार तरी कसं. मी साध्या स्पेसच्या जागी थिन स्पेस टाकली, जी एमच्या (एम म्हणजे फॉन्टच्या साइजएवढी रुंदी) आठव्या भागाएवढी असते. हेअर स्पेस, म्हणजे एमचा चोविसावा भाग, पण लावून बघितली, पण सात पॉइंटच्या टेबलात आकडे चिकटल्यासारखे वाटले.

बाकीच्या सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. इलस्ट्रेटरच्या ओपनटाइप पॅनेलमध्ये हेच बटण आहे पण ग्रेप स्टाइल नाही, पोस्टरवर चार मापं असतील तर ठीक. अॅफिनिटीत टायपोग्राफी पॅनेलमध्ये मिळतं. इंकस्केप फुकट असून टेक्स्टच्या फीचर्स टॅबमध्ये तिरपा आणि एकावर एक असे दोन्ही प्रकार देतं, मात्र एकावर एकवाला प्रकार फॉन्टमध्ये असेल तरच, आणि तसे फॉन्ट कमीच.

आता कॅटलॉगची मराठी आवृत्ती करायची आहे आणि तिथे हे बटण जवळपास निरुपयोगी, कारण बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये अपूर्णांकाची सोय फक्त इंग्रजी आकड्यांपुरती असते, ३/४ वर कितीही दाबा, काही हलत नाही. गंमत म्हणजे युनिकोडच्या त्याच ५.२ आवृत्तीत उत्तर भारतीय लिप्यांसाठी पाव, अर्धा, पाऊण यांच्या जुन्या खुणा घेतल्या आणि त्यात एक सोळांश पण आहे, पण त्या आज वाचणार कोण. म्हणून अंश आणि छेदाच्या दोन कॅरेक्टर स्टाइल हातानेच बनवल्यात, सेमीबोल्ड, ६० टक्के, अंशाचा माथा बाजूच्या शब्दाच्या शिरोरेषेला लावून. छेदातला ६ सध्या जरा खाली घसरतोय, त्याला वेगळी बेसलाइन शिफ्ट द्यावी लागेल असं दिसतंय.