पोस्टरवर रोहित, पैसे वसूल डबक्यात

मुलुंड पूर्वेला गेली ३१ वर्षं मी ब्लाउज शिवते. पक्ष्यांशी माझा संबंध म्हणजे दुकानाच्या एसीवर बसून घाण करणारी कबुतरं, बस्स. त्यामुळे सुनेने साठीची भेट म्हणून ‘फ्लेमिंगो वॉक’ची, म्हणजे रोहित पक्षी बघायच्या फेरीची, जागा पक्की केली तेव्हा मी आधी किंमत विचारली. माणशी ७०० रुपये. नुसतं चालायचे? पण भरलेले पैसे परत मिळत नव्हते, म्हणून गेले.

फेरी भांडूप पंपिंग स्टेशनची. डिसेंबरातला दुसरा रविवार, सकाळी साडेसहा ते दहा. नेणाऱ्या मुलांचं नाव लिहीत नाही. तक्रारी त्यांना तोंडावर सांगून झाल्यात, चारचौघांत अजून कशाला.

आधी पत्त्याचं सांगते, कारण तिथेच माझी फजिती झाली. रिक्षावाल्याला मी म्हटलं, “भांडूपला, ते पाण्याचं आहे ना, तिकडे.” तो बापडा मला रेल्वेपलीकडे, डोंगराच्या बाजूला भांडूप कॉम्प्लेक्सकडे घेऊन निघाला. तिथे मुंबईचं प्यायचं पाणी शुद्ध होतं. मला जायचं होतं तिथे मुंबईचं वापरलेलं पाणी जातं. एकाच भांडूपचं नाव, नळ पश्चिमेला आणि मोरी पूर्वेला. तुम्ही सरळ हायवे सांगा. मुलुंडहून घाटकोपरच्या दिशेने येताना ऐरोलीचा फाटा गेला की पुढे डाव्या हाताला, खाडीच्या बाजूने रस्ता आत जातो. मी पोचले सात वाजता. मुलं थांबली होती, कोणी तोंड वाकडं केलं नाही. याचे गुण पूर्ण.

आम्ही बारा जण आणि दुर्बिणी सहा. ही पहिली तक्रार. दोघांत एक दुर्बीण म्हणजे पक्षी कायम दुसऱ्याच्या पाळीत येतो. त्यातल्या एकीच्या काचेत बुरशी धरलेली, सगळं जग साबणाच्या पाण्यातून दिसावं तसं. मुंबईच्या पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरतेच. माझ्याकडे बटणांच्या डब्यातसुद्धा त्या सिलिका जेलच्या पुड्या असतात, यांना दुर्बिणींच्या पेटीत टाकता येऊ नयेत? चांगली होती ती ८ बाय ४२ ची. आठ म्हणजे आठपट जवळ, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. चष्मेवाल्यांसाठी एक सांगून ठेवते, कारण मला दहा मिनिटं नुसत्या दोन काळ्या चकत्या दिसत होत्या आणि लाजेने मी “हो हो, छान” म्हणत होते. डोळ्याला लावायच्या बाजूला रबराच्या वाट्या असतात, त्या चष्मा असेल तर दुमडून किंवा पिळून आत बसवायच्या. वाटाड्या मुलाने ते बघितलं आणि काही न बोलता करून दिलं.

हा मुलगा भांडूपगावातलाच. सगळ्यांना काका-काकू म्हणतो, हळू बोलतो आणि बोट दाखवत नाही. बोट दाखवलं की पक्षी उडतो म्हणे. “त्या वाकलेल्या काडीपासून दोन हात डावीकडे, काकू” असं सांगतो. माझ्या कारागिराला मी काज कुठे घ्यायचं ते अगदी असंच सांगते.

आता डबक्याविषयी. खाडीकडे जाणाऱ्या मातीच्या रस्त्याला दोन्हीकडून तिवरं आहेत. मध्येच एका बाजूला ती संपतात आणि उंच, पात्यापात्यांचं हिरवं रान लागतं. त्याच्या मधोमध उथळ पाणी, काठाला जलपर्णी. आकार म्हणाल तर आमच्या सोसायटीच्या आवारापेक्षा थोडा मोठा. फेरीच्या पोस्टरवर रोहितचा फोटो, याचं नावही नव्हतं. मुलगा तिथे थांबला आणि म्हणाला, “इथे जरा वेळ उभं राहू.” तो जरा वेळ पाऊण तास चालला.

त्या पात्यांना तो रामबाण म्हणाला, कोणी पाणकणीस म्हणतं. काडीवर तपकिरी मखमली कणीस, कुल्फीसारखं. ते बघून मला एकदम आमची जुनी चाळ आठवली. तेव्हा ज्याच्याकडे शोकेस त्याच्याकडे फ्लॉवरपॉट, आणि ज्याच्याकडे फ्लॉवरपॉट त्यात ही कणसं, वर्षानुवर्षं धूळ खात. ती चिखलात उगवतात हे मला साठाव्या वर्षी कळलं. मुलाने एक वाळकं पातं उचलून आडवं मोडलं आणि माझ्या हातात दिलं. आत भरीव काही नाही, सगळे कप्पे. चौकोनी चौकोनी, कॉटनच्या गोधडीत टाके घालून घरं पाडतात तसे. चिखलात हवा नसते, म्हणून झाड या कप्प्यांतून वरची हवा खाली मुळांपर्यंत पोचवतं. ते पातं मी पर्समध्ये टाकून घरी आणलं, अजून मशीनच्या खणात आहे.

“रामबाण दिसला की पाणी गोडं, तिवर दिसला की खारं,” असं त्याच्या आजीचं म्हणणं. पावसाचं पाणी बांधाच्या आतल्या खोलगटात साठतं आणि भरतीचं पाणी तिथवर चढत नाही, म्हणून खाडीच्या शेजारी असून हे डबकं गोडं. खरं-खोटं करायला त्याने आम्हाला दोन्हीकडचा चिखल हुंगायला लावला. हो, हुंगायला! काठीच्या टोकावर दोन ठिकाणचा. तिवरांखालचा चिखल सडक्या अंड्यासारखा. डबक्यातला तसा नाही, पावसाळ्यात गटारात कुजलेल्या पाल्याचा वास येतो तसा. समुद्राच्या पाण्यात गंधकाचे क्षार असतात, हवा नसलेल्या चिखलातले जिवाणू त्यातून तो अंड्याचा वास तयार करतात. गोड्या पाण्यात ते क्षार फार नसतात, म्हणून तिथे बहुतेक बिनवासाचा मिथेन होतो. त्याने काठी खुपसल्यावर बुडबुडे वर आले ते त्याचेच. बारा जणांतल्या चौघांनी नाक धरलं. सातशे रुपयांत चिखल हुंगवणारा हाच एक भेटला, असं एक बाई म्हणाल्या. मला मात्र फार मजा आली.

पक्षी आता. जांभळी पाणकोंबडी मी जन्मात पाहिली नव्हती. रंग सांगायचा तर मोरपंखी आणि वांगी यांच्या मधला, तोही उन्हात फिरणारा. दोन वेगळ्या रंगांचे धागे आडवे-उभे विणले की सिल्कला जी धूपछाव येते, अगदी ती. चोच आणि कपाळ लालभडक, आणि शेपटी उडवली की खालून पांढरं अस्तर दिसतं. तिने रामबाणाचा एक कोंब चोचीने उपटला, मग एका पायाच्या मुठीत धरला. मूठच म्हणायची, इतकी लांब बोटं. आणि एका पायावर उभी राहून, आपण ऊस सोलून खातो तसा वरची साल काढत खाऊ लागली. साली बाजूला टाकत होती. दहा मिनिटं मी दुर्बीण सोडली नाही, माझ्या जोडीदारीणबाई खाकरून खाकरून दमल्या.

जलपर्णीच्या पानांवर कमळपक्षी होता, बोटं त्याहून लांब. याच्यात संसार उलटा. मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते, अंडी उबवणं आणि पिल्लं वाढवणं बापाकडे. संकट आलं तर बाप पिल्लांना पंखांखाली घेऊन चालू लागतो, तेव्हा त्याच्या बगलेतून पिल्लांचे पाय लोंबताना दिसतात. ते बघायचं तर पावसाळ्यात यायला हवं. सगळ्या बायका हसल्या, पुरुष जरा गप्प झाले.

मग वंचक. काठावर मातकट गठुडं बसलेलं, उडालं आणि एकदम पांढरंशुभ्र. वंचक म्हणजे फसवणारा, नाव ठेवणाऱ्याला दाद. मी त्याला उलटं घातलेलं जॅकेट म्हटलं.

आणि पाणलावा. इथे जरा मी माझी फुशारकी मारणार आहे. मुलगा म्हणाला, “समोर वाळक्या पात्यांत एक पक्षी बसलाय, दहा पावलांवर. दुर्बीण नको, नुसतं बघा.” बारा जण बघतायत. चिखल, वाळकी पाती, चिखल. तोफेएवढी लेन्स घेतलेल्या एका गृहस्थांनी मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावायला घेतला, तर मुलाने हात जोडून थांबवलं. खोट्या आवाजाने पक्षी उगाच घाबरा होतो, खायचं सोडून भांडायला येतो. मग शांतता. आणि मला दिसलं. पाती सगळी वेडीवाकडी पडलेली, पण एका ठिकाणी दोन पिवळट रेघा एकमेकींना धरून चालल्या होत्या. वाळलेल्या गवताला इतकी नेटकी जोडी जमत नाही, ती पायपिंग होती. रेघांच्या मागे मग पाठ दिसली, पाठीच्या पुढे डोळा, आणि डोळ्याच्या पुढे केवढी तरी लांब चोच. चिखलात खुपसल्यावर या चोचीचं नुसतं टोक उघडतं, बाकीची मिटलेलीच राहते, आणि आत हाताला लागेल तो किडा धरता येतो. “काकू, तुम्ही रोज येत जा,” मुलगा म्हणाला. घरी आल्यापासून हे वाक्य मी सुनेला चार वेळा सांगितलंय.

तक्रार दुसरी, आणि ही मोठी. त्या लेन्सवाल्या गृहस्थांनी साडेआठला आवाज चढवला. “आम्ही फ्लेमिंगोसाठी पैसे भरलेत. तुम्ही गटारात पाऊण तास काढलात, तिकडे पाणी उतरलं.” आणि खरंच, खाडीवर पोचलो तेव्हा ओहोटी पुरी लागली होती. चिखलाचं मोठं मैदान उघडं पडलेलं आणि रोहित पार लांब, पाण्याच्या कडेला, पदराचा गुलाबी काठ दुरून दिसावा तसे. पक्षी म्हणून एकही नीट दिसला नाही. मुलगा म्हणाला, “काका, रोहित उन्हाळ्यापर्यंत आहेत.” ते काकांना पटलं नाही आणि मलाही पूर्ण पटलं नाही. रागाची भाषा चुकीची, पण मुद्दा बरोबर. गिऱ्हाइकाला साडी दाखवायची पैठणी आणि हातात द्यायची इरकल, मग इरकल कितीही सुरेख असो, ते भांडणारच. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघून तारीख ठरवा, नाहीतर पोस्टरवर डबक्याचा फोटो टाका. मी हे त्यांना सांगितलं. “डबक्याच्या फोटोवर कोण येईल, काकू?” असं उत्तर मिळालं. त्यावर मला बोलता आलं नाही.

खाडीकाठी माहितीचं भाषण झालं, ते मात्र बेताचं आणि चांगलं. ठाणे खाडीतलं रोहित अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसरचा दर्जा मिळाला. मला वाटलं कोणी राम सर म्हणून मास्तर असतील. रामसर हे इराणमधलं गाव निघालं, तिथे १९७१ साली पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. पलीकडे मिठागरांकडे हात करून मुलाने आजोबा तिथे कामाला जात एवढं सांगितलं आणि विषय बदलला.

तिसरी तक्रार बायकांच्या वतीने. साडेतीन तासांत स्वच्छतागृहाची सोय नाही. “हायवेवर पेट्रोल पंप आहे” हे उत्तर साठीच्या बाईला चालत नाही. घरून निघतानाच बघून निघा आणि चहा परतल्यावर घ्या. वाऱ्याने दिशा बदलली की कचऱ्याचा वासही येतो, त्याला कोणी काही करू शकत नाही, रुमाल ठेवा.

पाचपैकी साडेतीन. एक स्वच्छतागृहाचा कापला, अर्धा पोस्टरचा. दुर्बिणींचाही कापणार होते, पण पाणलाव्याने वाचवलं.

जाणाऱ्यांनी बंद बूट घाला, चपलेत चिखल जातो आणि वाळला की चटकन निघत नाही. भडक कपडे नकोत. मी नारिंगी कुर्ता घालून गेले होते, मुलाने स्वतःचं राखी जॅकेट काढून दिलं. त्याची उजव्या बगलेतली शिवण उसवलेली होती. मी ते घरी आणलंय, दुहेरी शिवण घालून झाली, आता नेऊन द्यायचंय. पावसाळी फेरी जुलैत असते म्हणे, पण तोवर जॅकेट ठेवून घेणं बरं दिसणार नाही, म्हणून येत्या रविवारचेच सातशे भरलेत.