पिकअपच्या हौद्यातला ‘रेडीमेड रिकव्हरी सेटअप’ : माल कुठे कुठे बदलला जातो

हौद्यात ड्रॉवर, वर सामानाचा पाटा आणि आत ‘संपूर्ण रिकव्हरी किट’ (अडकलेली गाडी ओढून काढायचं सामान), असा बसवून मिळणारा संच हल्ली बरेच जण विकतात. निम्मे पैसे आगाऊ, निम्मे गाडी ताब्यात देताना. पुण्यातल्या एका इसुझू व्ही-क्रॉस पिकअपवर असाच संच बसवला गेला आणि पहिल्या पावसाळ्यातच तो पूर्ण खोलावा लागला. विक्रेत्याचं नाव देत नाही. हाच माल नाव बदलून इतरत्रही खपवला जातो, त्यामुळे तो ओळखायचा कसा हे जास्त कामाचं.

कोटेशनमध्ये ‘18 मिमी मरीन प्लाय’ असं लिहिलं होतं. कार्पेट सोलल्यावर निघाला साधा एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा प्लाय. मरीन प्लायचं मानक आयएस 710. त्याचा तुकडा 72 तास उकळून थर सुटता कामा नयेत, अशी अट असते. एमआर घरातल्या दमटपणापुरता ठीक. हौद्यात टेलगेटच्या, म्हणजे मागच्या झडपेच्या फटीतून चिखलपाणी येतं आणि कार्पेट ते धरून ठेवतं, मग खालच्या कडा फुगतात आणि ड्रॉवर अडकतो. यावर उपाय एकच, कार्पेट चिकटवण्याआधी वर्कशॉपवर जाऊन शीट बघणं. आयएसआय शिक्क्याजवळचा सीएम/एल (परवाना) क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये तिथेच टाकून पाहा. कापून उरलेला तुकडा मागून घ्या आणि पातेल्यात चार-पाच तास उकळा. टिकला म्हणजे 710च आहे असं नाही, पण एमआर असेल तर थर सुटून बिंग फुटतं.

ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या चॅनेलवर ‘227 किलो’चं स्टिकर होतं आणि चॅनेल स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीचे, 45 मिमी उंचीचे. असे चॅनेल साधारण 45 किलोपर्यंतचे असतात, तेही घरात, धक्क्यांविना. 227 किलोचा चॅनेल सुमारे 76 मिमी उंच आणि जाड पत्र्याचा असतो. तो लॉकवाला, म्हणजे उघडा आणि बंद अशा दोन्ही ठिकाणी अडकणाराच घ्या. लॉक नसेल तर चढावर टेलगेट उघडताच भरलेला ड्रॉवर अंगावर येतो. सगळा डबा बसवला होता हौद्याच्या पत्र्यात मारलेल्या सेल्फ-टॅपिंग स्क्रूंवर. कंपनीच्या टाय-डाउन जागा वापरायच्या, आणि डोक्यावर 8.8 (मजबुतीचा ग्रेड) कोरलेले एम8 बोल्ट, मागे रुंद वॉशर. पत्र्यातले स्क्रू हादऱ्यांनी भोक मोठं करतात आणि गंज तिथूनच धरतो.

इथवरचं नुकसान पैशाचं. किटमधल्या वस्तूंचं प्रकरण जिवावरचं आहे.

शॅकल, म्हणजे पट्टा गाडीला अडकवायच्या पिनवाल्या लोखंडी कड्या, पाऊण इंची म्हणून दिलेले, त्यावर ‘4.75 टी’ (टन) उठावदार अक्षरांत. पण बनवणाऱ्याची खूण नाही, बॅच क्रमांकही नाही. नुसता आकडा कोणताही ओतकाम करणारा उठवून देतो. व्हर्नियर लावा : पाऊण इंची शॅकलचा दांडा 19 मिमी आणि पिन 22 मिमी हवी. पिन दांड्याइतकीच जाड असेल तर तो माल परत करा.

पट्ट्यात सर्वात जास्त फसवतात. ओढून काढण्याचा कायनेटिक पट्टा नायलॉनचा असतो, तो सुमारे 20 टक्के ताणतो आणि झटका पचवतो. त्या नावाखाली पॉलिस्टरचा पट्टा दिला जातो. तो फारसा ताणत नाही, सगळा झटका चॅसी आणि शॅकलवर जातो. दिसायला दोन्ही सारखेच. ओळखायची युक्ती मिठाच्या पाण्याची. 200 मिली पाण्यात 70 ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. पट्ट्याच्या टोकाचे दोन-चार धागे काढून त्यात बुडवा आणि हवेचे बुडबुडे बोटाने झटका. नायलॉन तरंगतं, पॉलिस्टर तळाला जातं. साध्या पाण्यातही धागा तरंगला तर तो पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे बाजारातली साधी दोरी. पट्ट्याच्या टोकाला लोखंडी हूक शिवलेला असेल तर तपासणी करायचीही गरज नाही, घेऊच नका. तुटलेला हूक गोळीसारखा सुटतो.

सिगारेट लायटरवर चालणारा ‘150 लिटर प्रति मिनिट’ कंप्रेसरही याच जातीचा. त्या सॉकेटचा फ्यूज सहसा 10 ते 15 अँपिअरचा, म्हणजे 120 ते 180 वॅट. टायरमध्ये 30 पीएसआय असताना इतकी हवा भरायला याहून जास्त ताकद लागते. तो आकडा टायरला न जोडलेल्या, मोकळ्या नळीचा.

मांडणीतही दिखाऊपणा होता. जॅक, शॅकल आणि साखळी टेलगेटजवळच्या ड्रॉवरमध्ये, कारण फोटो छान येतो. जड सामान केबिनच्या भिंतीला लागून, खाली, मागच्या ॲक्सलच्या पुढे हवं. आणि गाडी मागच्या बाजूने बांधावर टेकली तर टेलगेट उघडतच नाही, म्हणून पट्टा, दोन शॅकल आणि हातमोजे मागच्या सीटखाली ठेवायचे. (यूट्यूबवरच्या सुंदर ड्रॉवरांपैकी निम्म्यांत हा विचार दिसत नाही.)

बिलात ‘ॲक्सेसरीज, 1 संच’ एवढंच होतं, त्यामुळे भांडायला हातात काही उरलं नाही. प्लायचा ग्रेड, चॅनेलची क्षमता, शॅकलचा मेक, पट्ट्याचं मटेरिअल आणि तुटण्याची क्षमता हे सगळं ओळवार लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. उरलेले पैसे खोलून पाहिल्यावर द्या. माल बदललेला निघाला तर फोटो काढून आधी लेखी कळवा, मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही.