देवळियाच्या सफारीत मुलांच्या गळ्यात ६×३०: काही महिन्यांच्या वापरानंतर

मुलांना घेऊन गीरच्या देवळिया सफारी पार्कला निघालेले बडोदेकर हमखास विचारतात, दुर्बीण न्यावी का आणि कुठली? सिंह दिसण्यासाठी बहुतेक वेळा दुर्बीण लागतच नाही. बस किंवा जिप्सी ठरलेल्या वाटेवरून जाते आणि सिंह कित्येकदा वाटेच्या कडेलाच पसरलेला असतो. पण सिंहाचे बारकावे आणि सिंहाखेरीज तिथे जे काही आहे ते मुलांना दाखवायचं असेल, तर ६×३० ची पोरो दुर्बीण (जुन्या धाटणीची, पुढची भिंगं डोळ्यांपेक्षा जास्त लांब असलेली) घ्या. हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा अशा तिन्ही ऋतूंत वापरल्यावर हे सांगतो आहोत.

आधी जागेबद्दल. देवळिया हा गुजरातेतल्या गीर जंगलाजवळच्या सासण गावापासून सुमारे १२ किलोमीटरवरचा, ४१२ हेक्टरचा कुंपणबंद भाग. बुधवारी बंद. गीरच्या मोकळ्या जंगलातले मार्ग १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतात, देवळिया मात्र पावसाळ्यातही चालू असतं. बडोद्याहून चारशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे, त्यामुळे लहान मुलं असतील तर रात्रीच्या गाडीने जुनागढ आणि तिथून पुढे सासण हेच बरं. पाच-सहा वर्षांच्या मुलांना मोकळ्या जंगलातली लांबलचक जिप्सी फेरी झेपत नाही. देवळियाची फेरी तासाभराच्या आतबाहेर संपते आणि प्राणी दिसण्याची खात्री जवळपास असते.

आता दुर्बीण. ६×३० म्हणजे सहापट मोठं दिसणार आणि पुढचं भिंग ३० मिलिमीटरचं. ३० ला ६ ने भागलं की ५ मिलिमीटर येतात. डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या गोलाची ही रुंदी. मुलाचा डोळा थोडा इकडेतिकडे सरकला तरी चित्र जात नाही. ८×२१ च्या खिशातल्या दुर्बिणीत हीच रुंदी जेमतेम २.६ मिलिमीटर असते. मग मुलाला काळ्या कडा दिसतात, ते म्हणतं ‘काहीच दिसत नाही’, आणि आईबाबांना वाटतं त्याला दुर्बीण धरता येत नाही. १०×५० चा त्रास वेगळा: वजन पाऊण किलोच्या पुढे आणि हाताची थरथर दहापट मोठी. पर्यटनस्थळी मिळणाऱ्या लालभडक भिंगांच्या झूम दुर्बिणी तर अजिबात घेऊ नका. तो लाल लेप प्रकाशातला तांबडा भाग परतवतो, त्यामुळे चित्र अंधुक आणि हिरवट दिसतं.

विकत घेताना डोळ्यांमधलं अंतर जरूर तपासा. मोठ्या माणसाच्या बाहुल्यांमध्ये साधारण ६३ मिलिमीटर अंतर असतं, पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या ५२-५३. बऱ्याच दुर्बिणी ५६ च्या खाली मिटतच नाहीत. मग मुलाला एका डोळ्यानेच दिसतं, आणि ते सांगतही नाही, कारण दोन्ही डोळ्यांनी कसं दिसायला हवं हे त्याला ठाऊकच नसतं. दुकानात मुलाला सोबत न्या, दोन्ही नळ्या पूर्ण मिटवा आणि आळीपाळीने एकेक डोळा झाकून बघायला सांगा. चष्मा असेल तर रबरी वाट्या दुमडून घ्या. तरीही पूर्ण गोल दिसत नसेल तर ती दुर्बीण त्या मुलासाठी नाही.

दोन भावंडांत एकच असेल तर बिजागरीवर प्रत्येकाच्या मापाला नेलपॉलिशच्या दोन वेगळ्या रंगांच्या रेघा मारा. उजव्या डोळ्याच्या भिंगाभोवतीच्या फिरत्या कड्यावरही तसंच. सिंहापाशी गाडी काही मिनिटंच थांबते, तेवढ्या वेळात मापं जुळवत बसता येत नाही. खरं तर प्रत्येकाला वेगळी द्यावी हे उत्तम.

सराव घरूनच करा. गच्चीवरून समोरच्या टाकीकडे बघायचं, नजर तिथून न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. मान खाली घालून दुर्बीण शोधली की नजर सुटते आणि मूल आकाशात भटकत राहतं. मग बडोद्याच्या कमाटीबागेतल्या प्राणिसंग्रहालयात जाळीमागचे प्राणी बघा. जाळी आणि प्राणी यांच्यात पुरेसं अंतर असेल आणि फोकस प्राण्यावर असेल तर जाळी जवळजवळ विरघळते. देवळियात बिबटे वेगळ्या, जाळीच्या आवारात असतात, तिथे हाच सराव कामी येतो. हिवाळ्यात डभोई तालुक्यातला वढवाणा तलाव यापेक्षाही चांगला: पाण्यावर बसलेली बदकं आणि पट्टकदंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) पळून जात नाहीत, मुलाला सावकाश शोधता येतं.

बसमध्ये मात्र बंद काचेतून दुर्बीण निराशा करते, आणि दोष दुर्बिणीचा नसतो. काचेतून तिरकं बघितलं की कडा दुहेरी दिसतात. पुढची भिंगं काचेला जवळजवळ टेकवून सरळ समोर बघितलं तर बरंच सुधारतं. कोपरं खिडकीच्या दांडीवर टेकवू नयेत, इंजिनची थरथर तिथून थेट हातात येते. कोपरं आपल्याच छातीला लावायची. चालत्या गाडीत दुर्बीण डोळ्याला लावूच देऊ नका, मळमळ सुरू होते आणि खड्ड्यात कडा डोळ्याखाली आपटते. गळ्यातला पट्टा छातीपर्यंतच ठेवा. लांब पट्टा सीटच्या दांड्यात अडकतो.

सिंह दिसला की पहिलं मिनिट नुसत्या डोळ्यांनी बघू द्या. मग दुर्बीण. पोटाखाली लोंबणारी कातडीची घडी बघायला सांगा, आशियाई सिंहाची ती खूण. आयाळ आफ्रिकेतल्या सिंहापेक्षा विरळ असते, म्हणून नराचे कान स्पष्ट दिसतात. सगळ्यात मजेचं म्हणजे मिशांच्या मुळाशी असलेले ठिपके: त्यांची मांडणी प्रत्येक सिंहाची निराळी असते आणि अभ्यासक त्यावरून सिंह ओळखतात. दहा-पंधरा मीटरवरच्या, तोंड आपल्याकडे वळवलेल्या सिंहाचे ते ६× मधून मोजता येतात. आठ-नऊ वर्षांची मुलं कागदावर उतरवूनही घेतात. ‘सिंह झोपलाय, कंटाळा आला’ ही तक्रार तिथे थांबते. दिवसातला बहुतेक वेळ सिंह पडूनच काढतो हेही आधी सांगून ठेवावं. २०२५ च्या गणनेत गुजरातेत ८९१ सिंह नोंदले गेले, २०२० मध्ये ते ६७४ होते. हे आकडे मुलं लक्षात ठेवतात.

काही महिन्यांनी काय बिघडलं? रबरी वाट्या सैल झाल्या, त्याने फारसं अडत नाही. बिजागरी ढिली पडली की माप आपोआप सरकतं. मधला स्क्रू जराच आवळला की काम होतं. गंभीर गोष्ट म्हणजे पडणं. पडल्यावर आतले लोलक किंचित सरकतात आणि दोन डोळ्यांची चित्रं जुळत नाहीत. मुलांचे डोळे ओढाताण करून ती जुळवतात, म्हणून ती ‘दोन दिसतात’ असं न म्हणता ‘डोकं दुखतं’ म्हणतात किंवा दुर्बीण नाकारतात. तपासायला लांबची आडवी विजेची तार बघा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून लांब न्या. दोन वर्तुळांतली तार एका रेषेत राहिली नाही तर ती मुलाला देऊ नका. घरी खोलू नका. दुरुस्ती महाग पडत असेल तर नवी घ्या.

मार्च ते मे गीरची धूळ बारीक असते. आधी फुंकणीने उडवा, मग मऊ ब्रश, शेवटी मायक्रोफायबर. शर्टाच्या टोकाने पुसलं की लेपावर कायमचे ओरखडे. पावसाळ्यात वातानुकूलित गाडीतून बाहेर पडताच भिंगांवर बाहेरून वाफ धरते. दहा मिनिटं थांबा, आपोआप जाते. आणि बडोद्याच्या दमट हवेत दुर्बीण तिच्या कापडी पिशवीत ठेवली तर भिंगाच्या आत बुरशीचे धागे येतात. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. निळे मणी गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवले की पुन्हा वापरता येतात.