मी फक्त व्हर्जन बघत होतो

2,22,940 रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिलं तेच विचारतो. क्रिप्टो वॉलेटमधले टेथर (डॉलरशी बांधलेलं क्रिप्टो नाणं) 1,84,300 रुपयांचे, आणि ब्राउझरमध्ये सेव्ह केलेल्या कार्डावर परदेशी साइटवरून 19,320 चे दोन फटके. ओटीपी आलाच नाही.

नोकरीच्या मुलाखतीचा ‘असाइनमेंट’ म्हणून झिप पाठवून गंडवतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. 2023 पासून अशा टोळ्यांबद्दल वाचतोय. मलाही मुलाखतीसाठी अशीच झिप आली, म्हणूनच मी त्यांचा प्रोजेक्ट चालवला नाही! काम एवढंच होतं: वीस पायथन पॅकेजेसची (तयार कोडच्या गठ्ठ्यांची) व्हर्जन आणि डिपेंडन्सींची, म्हणजे त्यांना लागणाऱ्या इतर पॅकेजेसची, यादी, दोन तासांत. मी प्रत्येक फोल्डरमध्ये जाऊन ‘पायथन सेटअप.पीवाय --व्हर्जन’ मारत गेलो. व्हर्जन विचारणं म्हणजे काय प्रोग्राम चालवणं झालं? झालं. सेटअप.पीवाय ही यादी नाही, तो प्रोग्रामच आहे. नुसता नंबर छापायलाही तो वरपासून खालपर्यंत चालतो. अकरा वर्षं पायथन लिहितोय, आणि हे त्या क्षणी डोक्यात आलं नाही.

बरं, फाइल उघडून पाहिली होती. सातव्या ओळीला साधा इम्पोर्ट. पण खाली आडवी स्क्रोलपट्टी आली होती, बारीकशी. एवढ्याशा ओळींना आडवी पट्टी कशाला? उजवीकडे सरकवली असती तर शेकडो स्पेसनंतर लपवलेली एक्झेक, म्हणजे चोरीचा कोड चालवणारी आज्ञा, दिसली असती. दिसली मला ती पट्टी. बोट माउसवरच होतं. रात्री अजून तीच पट्टी दिसते.

परक्याच्या कोडमधून नंबर हवा असेल तर तो वाचा, चालवू नका. पायथनचंच एएसटी.पार्स कोडच्या रचनेचं नुसतं झाड बांधतं, एकही ओळ चालवत नाही. त्यातून व्हर्जनचं मूल्य शोधून एएसटी.लिटरल_इव्हॅलला द्या, ते फक्त साधे आकडे-अक्षरं वाचतं. साधं इव्हॅल नको, ते कोड चालवतं, इम्पोर्ट तर नकोच. पॅकेज नुसतं उतरवणारं ‘पिप डाउनलोड’सुद्धा निरुपद्रवी नाही, सोर्स पॅकेज असेल तर माहितीसाठी तेही सेटअप चालवतं. एनपीएमवाल्यांनो (जावास्क्रिप्टची पॅकेजेस घेणाऱ्यांनो), हसू नका, पॅकेजमधल्या आज्ञा आपोआप चालू न देणारं --इग्नोर-स्क्रिप्ट्स लावता का तुम्ही? आणि एडिटरमध्ये वर्ड रॅप चालू ठेवा, लांब ओळ खाली वळते, उजवीकडे लपत नाही.

लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार क्रमांक घेतला. बँक म्हणाली, कार्डाची माहिती तुमच्याच मशीनवरून गेली, म्हणजे निष्काळजीपणा तुमचा. त्याच दिवशी कळवूनही! पोलीस ठाण्यात तीन खेपा. पहिल्या खेपेला साहेब रजेवर. दुसऱ्या खेपेला, “क्रिप्टो कशाला घेता तुम्ही लोक?” टॅक्स भरून घेतलेत हो, चोरून नाही. अर्जात ‘सोर्स कोड’ लिहिलं तर, “हा कुठला ओटीपी?”

तिसऱ्या खेपेला हवालदारांनी पुरावा मागितला. पेनड्राइव्हवर झिप दिली. त्यांनी ती ठाण्याच्या कॉम्प्युटरला लावली आणि म्हणाले, “थांबा, चालवून बघतो.”

अख्ख्या खोलीनं वळून पाहावं इतक्या जोरात मी ओरडलो.